जुन्या सॅन्ट्रोचा पीसीव्ही व्हॉल्व्ह: तपासायचा कसा, बदलायचा कसा

चेन्नईहून बंगळूर महामार्गाने निघालं की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागतं. ह्युंदाईचा भारतातला पहिला कारखाना इथलाच. १९९८ च्या सप्टेंबरमध्ये सॅन्ट्रो बाजारात आली ती याच कारखान्यातून. पहिल्या पिढीतल्या या गाडीचं उत्पादन २०१४ च्या अखेरीस थांबलं, पण चेन्नईच्या रस्त्यांवरून ती काही गेलेली नाही. इथे पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण करून पेट्रोल गाडी पुढे वापरता येते. त्यामुळे वीस-वीस वर्षं झालेल्या सॅन्ट्रो आजही रोज ऑफिसला जातात, मुलांना शाळेत सोडतात, भाजी आणतात.

या वयाच्या गाड्यांची गॅरेजमधली नेहमीची तक्रार म्हणजे ऑइल गळणं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं जातं, काही महिने बरे जातात आणि कव्हरची कड पुन्हा ओली दिसू लागते. मग क्रँकचं ऑइल सील बदललं जातं. तेही थोड्या दिवसांनी पाझरतं. शेवटी कोणीतरी ‘हाफ इंजिन’ करून घ्या असं सुचवतं, आणि जुनी गाडी परवडत नाही म्हणून मालक ती विकून टाकतो. अशा बऱ्याच गाड्यांमध्ये दोष पॅकिंगचा नसतोच. इंजिनाच्या पोटात दाब साठलेला असतो आणि तो मिळेल त्या फटीतून ऑइल बाहेर ढकलत असतो. हा दाब निघून जाण्याची वाट अंगठ्याएवढ्या एका भागातून जाते. त्याचं नाव पीसीव्ही व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह काय काम करतो, तो बिघडला हे कसं ओळखायचं आणि तो कसा बदलायचा, हे इथे क्रमाने पाहू.

दाब येतो कुठून

चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा पेट्रोल पेटतं. आयडलिंगला मिनिटाला ८०० फेरे धरले तरी १,६०० वेळा, आणि ३,००० फेऱ्यांवर ६,००० वेळा. प्रत्येक वेळी तयार होणारा जोरकस वायू पिस्टनला खाली ढकलतो. तो अडवून धरायचं काम पिस्टनच्या रिंगांचं. पण रिंग गरम झाली की प्रसरण पावते, म्हणून तिच्या दोन टोकांत बारीक फट ठेवावीच लागते. त्या फटीतून आणि रिंगेच्या कडेने थोडा वायू दर वेळी खाली क्रँककेसमध्ये निसटतो. नव्या इंजिनातही हे होतंच. इंजिन जुनं झालं, बोअर आणि रिंगा झिजल्या की त्याचं प्रमाण वाढतं. पुस्तकात याला ब्लो-बाय म्हणतात, गॅरेजमध्ये ‘बॅक कॉम्प्रेशन’.

हा वायू साधा नसतो. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि काजळी असते. तो आत कोंडून राहिला तर दोन प्रकारे नुकसान करतो. एक म्हणजे दाब वाढतो आणि सील, पॅकिंग, डिपस्टिकची नळी अशा कमकुवत जागा शोधतो. दुसरं म्हणजे तो ऑइल बिघडवतो. पेट्रोलने ऑइल पातळ होतं, पाणी आणि ऑक्साइड मिळून आम्ल तयार होतं, आणि हळूहळू काळा चिकट गाळ साचू लागतो. हा गाळ ऑइलच्या बारीक वाटा बुजवतो, मग कॅमशाफ्ट आणि टॅपेटपर्यंत पुरेसं ऑइल पोचत नाही. म्हणजे हा वायू नुसता बाहेर काढून भागत नाही, त्याच्या जागी ताजी हवा आत खेळतीही राहावी लागते.

पूर्वीच्या गाड्यांत क्रँककेसमधून एक नळी सरळ खाली रस्त्याच्या दिशेने सोडलेली असे. गाडी पळू लागली की वाऱ्याच्या ओढीने वायू बाहेर खेचला जाई. गाडी उभी असली की ओढ संपे, आणि एरवी सगळी घाण हवेत जाई. १९५० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या दाट धुरक्याची कारणं शोधली गेली. कॅल्टेकचे आरी हागेन-स्मिट यांनी गाड्यांमधून निघणाऱ्या हायड्रोकार्बनचा त्याच्याशी असलेला संबंध दाखवून दिला. कसलीही रोखणारी यंत्रणा नसलेल्या गाडीतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी सुमारे पाचवा हिस्सा क्रँककेसमधूनच बाहेर पडत असे. म्हणून कॅलिफोर्नियातल्या १९६१ च्या मॉडेलांपासून हा वायू पुन्हा इंजिनात नेऊन जाळायची पद्धत आली, आणि पुढे ती जगभर रुळली. प्रदूषण रोखण्यासाठी मोटारीत बसवलेली ही पहिली यंत्रणा. सॅन्ट्रोत ती सुरुवातीपासूनच आहे.

व्हॉल्व्हच्या आत काय असतं

सॅन्ट्रोत हा व्हॉल्व्ह रॉकर कव्हरमध्ये, म्हणजे आपल्या टॅपेट कव्हरमध्ये, आट्यांनी बसवलेला असतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला एक रबरी होज असतो, तो इंटेक मॅनिफोल्डला जातो. कव्हरवरून निघणारा दुसरा एक होज एअर फिल्टरनंतरच्या हवेच्या नळीला जोडलेला असतो. त्या ब्रीदर होजमधून गाळलेली ताजी हवा आत येते, क्रँककेसमध्ये फिरते, तिथला वायू बरोबर घेते आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डमध्ये जाते. तिथून सिलिंडरमध्ये जाऊन ती जळून जाते.

व्हॉल्व्हच्या पोटात निमुळता प्लंजर आणि एक हलकी स्प्रिंग एवढंच असतं. कुकरच्या शिट्टीशी याची तुलना बरेच जण करतात, पण याचं काम वेगळ्या रीतीने चालतं. शिट्टी आतल्या दाबाने उचलली जाते, तर हा प्लंजर मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमच्या ओढीने सरकतो आणि स्प्रिंग त्याला मागे ढकलते.

इंजिन बंद असताना स्प्रिंग प्लंजरला क्रँककेसच्या बाजूला टेकवून ठेवते आणि वाट बंद राहते. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ मिटलेलं असल्याने मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम सर्वांत जास्त असतो. प्लंजर पूर्ण खेचला जातो आणि त्याचा जाड भाग वाट अडवून थोडीच फट ठेवतो. त्या वेळी ब्लो-बायही कमीच असतो, आणि जास्त हवा आत गेली तर आयडलिंग बिघडेल, म्हणून ही काटकसर. गाडी एका वेगात चालू लागली की व्हॅक्यूम उतरतो, प्लंजर मधल्या जागी येतो आणि वाट मोठी होते. जोराचा पिकअप घेताना किंवा उड्डाणपुलाच्या चढावर ओढ आणखी कमी होते, प्लंजर मागे सरकतो आणि वाट सर्वांत मोठी होते. तेव्हा ब्लो-बायही सर्वांत जास्त असतो. व्हॉल्व्हला जेवढा वायू पेलवत नाही तेवढा ब्रीदर होजमधून उलटा एअर फिल्टरनंतरच्या नळीत जातो आणि तोही इंजिनातच जळतो. मॅनिफोल्डमध्ये बॅकफायर झाला तर प्लंजर फटकन मागे बसून ती ज्योत क्रँककेसमध्ये जाऊ देत नाही.

चेन्नईत हा भाग लवकर का दमतो

इथला उन्हाळा रबराला मारक आहे. मे महिन्यात, ज्याला तमिळ लोक ‘अग्नी नक्षत्रम’ म्हणतात त्या दिवसांत, पारा चाळिशी ओलांडतो. त्यात बॉनेटखालची उष्णता वेगळीच. होज आतून ऑइलने फुगतो, बाहेरून कडक होतो आणि क्लिपजवळ चिरतो. दुसरं कारण वाहतूक. ओएमआर असो, पोरूर असो की वडपळनी, गाडी बराच वेळ एसी लावून उभीच असते. किलोमीटर वाढत नाहीत, पण इंजिन चालूच राहतं, आणि ऑइल बदलायचा हिशोब आपण किलोमीटरवर लावतो. त्यामुळे ऑइल आपल्या समजुतीपेक्षा जास्त जुनं झालेलं असतं. घरापासून स्टेशनपर्यंत एवढ्याच फेऱ्या असतील तर ऑइल पुरेसं तापत नाही आणि आतलं पाणी उडून जात नाही.

तिसरं कारण पूर. डिसेंबर २०१५ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या वेळी शहरातल्या हजारो गाड्या पाण्यात उभ्या होत्या. बुडालेली गाडी आधी सुरू करायची नाही, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. पण ऑइल, फिल्टर बदलून गाडी सुरू झाली की काम संपलं असं वाटतं. होजमध्ये आणि व्हॉल्व्हमध्ये राहिलेल्या पाण्याने स्प्रिंग गंजते आणि गाळ घट्ट होतो. पुरातून निघालेल्या गाडीचा हा व्हॉल्व्ह आणि दोन्ही होज त्याच वेळी बदलावेत.

लक्षणं

व्हॉल्व्ह दोन तऱ्हांनी बिघडतो. तो बंद अवस्थेत अडकला किंवा गाळाने बुजला, तर आत दाब साठतो. टॅपेट कव्हरची कड, क्रँकचं सील, डिस्ट्रिब्यूटर असेल तर त्याची बैठक, अशा जागा ओल्या होतात. डिपस्टिक आपोआप वर सरकलेली आढळते. ब्रीदर होजमधून ऑइल उलटं जातं आणि एअर फिल्टरच्या डब्यात तेलाचा थर दिसतो. ऑइल टाकायच्या झाकणाखाली चिकट काळा किंवा दुधट थर जमतो.

उघड्या अवस्थेत अडकला तर आयडलिंगला नको तेवढी हवा मॅनिफोल्डमध्ये शिरते. फेरे चढे राहतात किंवा खालीवर होतात, सिग्नलला गाडी थरथरते, कधी मिसिंग होतं. हवेबरोबर ऑइलची वाफही जास्त ओढली जाते, म्हणून ऑइल कमी होतं पण जमिनीवर डाग पडत नाही. चिरलेला होजही हीच लक्षणं देतो.

तपासणी: दहा मिनिटांचं काम

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा. लुंगी, ओढणी, पदर, सैल बाही, कापडाचं फडकं यातलं काहीही बेल्टजवळ जाऊ देऊ नका.

पहिली परीक्षा कागदाची. इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा, ऑइलचं झाकण काढा आणि तोंडावर पोस्टकार्डाएवढा जाड कागद ठेवा. व्यवस्था ठीक असेल तर कागद हलका ओढला जाऊन चिकटतो. तो उडत असेल, थडथडत असेल, तर आत दाब आहे.

दुसरी परीक्षा बोटाची, आणि हीच सर्वांत भरवशाची. इंजिन बंद करा. व्हॉल्व्हवरचा होज काढा, व्हॉल्व्ह कव्हरमधून सोडवा आणि तोच व्हॉल्व्ह पुन्हा होजला लावा. आता त्याचं आट्यांचं टोक मोकळं आहे. इंजिन सुरू करून त्या टोकावर बोट ठेवा. बोटाचं टोक आत ओढलं गेल्यासारखं स्पष्ट जाणवलं पाहिजे. बोट ठेवताच आतला प्लंजर टक करून हलतो आणि आयडलिंगचे फेरे किंचित उतरतात. काहीच ओढ नसेल तर व्हॉल्व्ह किंवा होज बुजला आहे. होज वेगळा काढून त्याच्या तोंडाशी ओढ बघितली की दोघांतला गुन्हेगार कोण ते कळतं.

तिसरी परीक्षा इंजिन बंद करून. व्हॉल्व्ह हातात घेऊन कानाजवळ हलवा. चांगला व्हॉल्व्ह खुळखुळतो. आट्यांच्या बाजूने बारीक काडी घालून प्लंजर दाबून बघा, तो आत जाऊन स्प्रिंगने परत आला पाहिजे. मात्र खुळखुळतो म्हणजे ठीक, एवढ्यावर थांबू नका. स्प्रिंग थकली असली तरी प्लंजर वाजतोच.

बदलायची रीत

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. जुनं प्लास्टिक आणि रबर गरम असताना ओढाताणीने फाटतं. आधी व्हॉल्व्हच्या आजूबाजूची धूळ ब्रशने झाडून पुसून घ्या, म्हणजे भोक उघडं झाल्यावर माती आत पडणार नाही.

होजची क्लिप पक्कडीने दाबून मागे सरकवा. होज सरळ ओढू नका, आधी थोडा फिरवून मोकळा करा. कडक झाला असेल तर कापून काढा, कारण तो परत बसवायचा नाहीच. मग योग्य मापाच्या पान्याने व्हॉल्व्ह डावीकडे फिरवून सोडवा. जुन्या गाड्यांत तो चिकटलेला असतो. एकदम जोर न लावता थोडा पुढे, थोडा मागे असा हलवत काढा. भोकात डोकावून पाहा. गाळ दिसला तर तो फडक्याने बाहेर काढा, आत ढकलू नका.

नव्या व्हॉल्व्हच्या आट्या आधी हातानेच बसवा. दोन-तीन आटे हाताने सरळ गेले की पाना लावा. याला ८ ते १२ न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क लागतो, म्हणजे मनगटाच्या जोराचं काम. पूर्ण हाताने आवळलं तर आट्या जातील आणि अख्खं कव्हर बदलावं लागेल. बऱ्याच नव्या व्हॉल्व्हच्या आट्यांवर सील करणारा लेप असतोच. टेफ्लॉन टेपचे थर गुंडाळू नका, टेपचे तुकडे इंजिनात जाऊ शकतात.

होज नवाच घ्या, आणि पेट्रोल-ऑइल सोसणाऱ्या रबराचा घ्या. पाण्याचा किंवा वॉशरचा साधा पाइप आतून फुगून ओढीने चपटा होतो, आणि नवा व्हॉल्व्ह असूनही वाट बंद होते. त्याच वेळी ब्रीदर होज काढून साफ करा, एअर फिल्टरचा डबा पुसा आणि फिल्टर तेलकट असेल तर बदला. थ्रॉटल बॉडीवर ऑइलच्या वाफेचा काळा थर असतो, तोही थ्रॉटल क्लीनरने साफ करून घ्या, नाहीतर आयडलिंग सुधारलेलं दिसणार नाही. शेवटी गाडी सुरू करून कागदाची परीक्षा पुन्हा घ्या.

ऑइल फारच काळं आणि जाड असेल तर तेही आणि फिल्टरही लगेच बदला. जुन्या गाळातून नवा व्हॉल्व्ह पुन्हा बुजायला वेळ लागत नाही.

पार्ट घेताना

अण्णा सालैलगतच्या जनरल पॅटर्स रोडवर, म्हणजे जी. पी. रोडवर, स्पेअर पार्टच्या दुकानांची रांगच आहे. जुन्या मालासाठी लोक पुदुपेटला जातात. दरवाजा, दिवा, बंपर पुदुपेटहून जरूर आणा, पण हा व्हॉल्व्ह जुना घेऊ नका. दुसऱ्या गाडीतून काढलेल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग तेवढीच थकलेली असते. आटे जुळतात म्हणून दुसऱ्या मॉडेलचाही घेऊ नका. प्रत्येक इंजिनासाठी प्लंजरची निमुळती धार आणि स्प्रिंगचा ताण ठरवलेला असतो. सॅन्ट्रोची ९९९ सीसी आणि १,०८६ सीसी अशी दोन इंजिनं आहेत, म्हणून दुकानात गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून, शक्य तर चासी नंबर दाखवूनच पार्ट मागा. काही शे रुपयांचा मामला आहे. कार्बोरेटर क्लीनरने धुऊन जुना व्हॉल्व्ह चालता होतो, पण तो उपाय नवा मिळेपर्यंतचा.

जे या व्हॉल्व्हने बरं होणार नाही

नवा व्हॉल्व्ह आणि होज बसवूनही झाकण उघडल्यावर वायूचा फवारा येत असेल, सायलेन्सरमधून निळा धूर निघत असेल, तर रिंगा आणि बोअर झिजलेत. तेव्हा कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्यावी आणि मगच हाफ इंजिनचा निर्णय घ्यावा. आधीच कडक झालेलं सील किंवा पॅकिंगही व्हॉल्व्ह बदलल्याने पुन्हा मऊ होणार नाही, ते बदलावंच लागेल. फरक एवढाच की दाब गेल्यावर बसवलेलं पॅकिंग टिकतं.

हाच नियम चेन्नईच्या दुसऱ्या प्रसिद्ध इंजिनालाही लागू आहे. तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातल्या जुन्या ३४६ सीसी बुलेटला मॅनिफोल्डच्या ओढीचा व्हॉल्व्ह नसतो, तर ब्रीदर नळीला बदकाच्या चोचीसारखा रबरी व्हॉल्व्ह असतो. एकच मोठा पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा ढकलतो तेव्हा चोच उघडते, वर जाताना मिटते. रबर कडक होऊन चोच उघडीच राहिली की आत दाब खेळत राहतो आणि बुलेट गळू लागते. मग ‘बुलेट म्हटली की ऑइल गळायचंच’ असं म्हणून लोक सोडून देतात. तिथेही पॅकिंगच्या आधी चोच बघावी.

जुन्या गाडीच्या सर्व्हिसच्या यादीत पीसीव्ही व्हॉल्व्ह सहसा नसतो. म्हणून मालकानेच तो लिहून द्यावा. दर दुसऱ्या ऑइल बदलीला बोटाची परीक्षा घ्या, चाळीस-पन्नास हजार किलोमीटरला तो न विचारता बदला. आणि कोणी ऑइल गळतीसाठी पॅकिंग बदलायला सांगितलं, तर आधी या व्हॉल्व्हची ओढ दाखवायला सांगा. ती तपासल्याशिवाय टॅपेट कव्हरला हात लावू देऊ नका.